शरबत फक्त रमजानपुरते कशाला?

रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण या सरकण्याचा हिशोब आपल्या शहरातील शरबतवाल्यांनी अजून मांडलेला दिसत नाही, म्हणून तो आम्ही आज मांडत आहोत. २०१८ साली पहिला रोजा १७ मे रोजी होता, २०१९ साली ७ मे रोजी. पारा चाळिशीच्या वर आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर खजुराच्या शेजारी लाल शरबताचा जग, असे ते दिवस होते. शहागंज आणि सिटी चौकात त्या वर्षी बाटल्यांच्या पेट्या उतरवायला हमाल कमी पडत होते. २०२५ साली पहिला रोजा २ मार्चला आला, २०२६ साली तो फेब्रुवारीत गेला. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबर संपता संपता. तिथून नोव्हेंबर, ऑक्टोबर, मग पावसाळा असा उलटा प्रवास करीत पुन्हा मे महिन्यात पोहोचायला २०५० साल उजाडेल.

याचा धंद्याच्या भाषेत अर्थ असा की उन्हाळा आणि रमजान यांची जोडी आता वीस-पंचवीस वर्षांसाठी फुटली आहे. आणि छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेतील शरबताचा निम्म्याहून अधिक उठाव या जोडीवरच उभा आहे, असा आमचा बाजारातला अनुभव आहे.

आम्ही कापडवाले या बाबतीत सुदैवी. ईद मे महिन्यात आली की आम्ही लॉन, कॉटन, मलमल भरतो. ईद थंडीकडे वळली की मखमल, वेल्वेट आणि जाड सिल्क बाहेर काढतो. गिऱ्हाईक तेच, ईद तीच, फक्त ठाण बदलतो. शरबतवाल्याला ही सोय नाही. जानेवारीच्या संध्याकाळी रोजा सोडताना माणूस आधी गरम चहा शोधतो, हरीस शोधतो. शरबताचा पेला तेव्हा रिवाज म्हणून फिरतो, तहान म्हणून नाही. रिवाजावर एक बाटली खपते, तहानेवर चार.

मोहर्रमच्या सबीलीचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न बरोबर आहे. २०२५ साली आशुरा ६ जुलैला होता आणि येत्या काही वर्षांत तो जून आणि मग मे महिन्यात येणार आहे. सबील लावणाऱ्या मंडळांकडून घाऊक मागणी वाढेल, यात शंका नाही. पण सबील हा सवाबाचा मामला आहे. तिथे स्वस्तातला माल, मोठे पिंप आणि चार-पाच दिवसांची गर्दी. त्यावर कुणाचे वर्षभराचे घर चालत नाही.

मग उन्हाळ्यातील तहान जाते कुठे? ती जाते सोडावाल्या बाटलीकडे. आपल्याच दुकानांतून पाहा. लग्नाच्या बस्त्याला पाहुणे आले, पंधरा माणसे गादीवर बसली, की शेठ नोकराला खूण करतो आणि नोकर कोपऱ्यावरून थंड बाटल्यांचा क्रेट घेऊन येतो. आमच्या वडिलांच्या काळी बस्त्याला आलेल्यांना काचेच्या पेल्यात शरबत मिळत असे. त्यात सब्जा फुगलेला असे, वर वाळ्याच्या पाण्याचा वास असे आणि बायका मुलांना सांगत, हळू पी. आज त्या पेल्याची जागा बाटलीने घेतली, कारण बाटली धुवावी लागत नाही. एवढेच कारण. चवीचा त्यात काही संबंध नाही.

शरबत हे आधी उन्हाळ्याचे आहे आणि नंतर इफ्तारचे, हे जरा इतिहासात डोकावले तर स्पष्ट होते. शब्दच घ्या. अरबीत 'शरिबा' म्हणजे प्याला. त्यातून शराब, शरबत, मशरूब असे शब्द निघाले. युरोपात जाऊन त्यांचेच सिरप झाले आणि तुर्कांच्या वाटेने सॉर्बे झाले. म्हणजे इंग्रज डॉक्टर खोकल्याचे सिरप लिहून देतो तेव्हा तोही आपलाच शब्द वापरतो. मराठीत त्याचे सरबत झाले आणि लिंबाला जाऊन चिकटले.

हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि १९०७ साली रूह अफजा तयार केले. ते केले दिल्लीच्या लूसाठी. उन्हाने घेरी आलेल्या माणसाला थंडावा मिळावा, म्हणून फळे, फुले आणि काष्ठौषधींचा अर्क साखरेच्या पाकात उतरवलेले ते युनानी औषध होते. फाळणीनंतर एक मुलगा, हकीम अब्दुल हमीद, दिल्लीत राहिले. दुसरे, हकीम मोहम्मद सईद, कराचीला गेले आणि १९४८ साली तिथे त्यांनी हमदर्द उभी केली. दोन्ही देशांत तीच बाटली चालली. इफ्तारशी तिची गाठ पुढे पक्की झाली. आपल्या शरबतवाल्यांनी मात्र शेवटचे पान पाहून पुस्तक ठरवले आहे. रमजानच्या आधी पंधरा दिवस माल काढायचा, ईदनंतर उरलेला दहा रुपये कमी करून संपवायचा आणि एप्रिलचे ऊन तापू लागते तेव्हा नेमके हात झाडून बसायचे.

आता थोडी परदेशाची गोष्ट, कारण तिथल्या एका फुलाने आम्हाला हा लेख लिहायला लावला. आमच्या नात्यातला एक मुलगा इंग्लंडात लेस्टरला नोकरीला आहे. मागे तो येताना एक उंच बाटली घेऊन आला. आत फिकट पिवळसर पाणी, वर पांढऱ्या फुलांच्या घोसाचे चित्र. एल्डर नावाच्या झाडाच्या फुलांचे हे शरबत, तिकडे त्याला कॉर्डियल म्हणतात. त्याने ते पेल्यात इतके थोडे ओतले की आमच्या घरच्यांना वाटले पोरगा कंजूष झाला. एका भागाला दहा भाग गार पाणी. पण पेला तोंडाजवळ नेला आणि नाकाला आधी कळले. मोगरा नव्हे, केवडा नव्हे, पिकलेल्या द्राक्षाच्या जवळ जाणारा, हलका, किंचित लिंबाचा. गोडी मागाहून येते आणि लगेच जाते. दुपारी दुकानातून घामाघूम होऊन आल्यावर असा एक पेला घेतला की दुसरा मागावासा वाटतो, आणि दुसरा घेतल्यावरही जीभ चिकट होत नाही. आपल्या शरबताबद्दल हे म्हणता येईल का, हा विचार मनात आला.

हे झाड थंड मुलखातले. बागेत मुद्दाम लावलेले कमी, शेताच्या कुंपणात आणि रस्त्याच्या कडेला आपसूक वाढलेले जास्त. मे-जूनमध्ये त्याला साईच्या रंगाच्या बारीक फुलांचे छत्रीसारखे घोस येतात. कोरड्या, उन्हाच्या दिवशी घोस तोडायचे. धुवायचे नाहीत, कारण वास परागात असतो. देठ शक्य तेवढे काढून टाकायचे, कारण या झाडाची पाने, देठ आणि कच्ची फळे पोटाला बाधतात. मग साखरेचा पाक, लिंबाच्या चकत्या आणि थोडे सायट्रिक ॲसिड यांत फुले एक-दोन दिवस भिजवून गाळायची. कृती एवढीच. इंग्लंड, स्वीडन, जर्मनी, सर्बिया इकडच्या आज्या हेच करीत आल्या. रुमानियात त्याच फुलांचे 'सोकाता' नावाचे पेय करतात, पण ते आंबवतात, तेव्हा ते आपल्या कामाचे नाही. मात्र धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट तिथे घडली ती ध्यानात घ्यावी. एका बड्या परदेशी शीतपेय कंपनीने त्याच चवीची सोडावाली बाटली काढली आणि नाव ठेवले 'शोकाता'. घरच्यांनी बाटलीत भरले नाही, तर बाहेरचा येऊन भरतो.

इंग्लंडात घरच्यांनीच भरले. लेस्टरशायरमध्ये बेल्व्हॉर म्हणून जहागिरीचे गाव आहे (लिहितात बेल्व्हॉर, म्हणतात बीव्हर, इंग्रजांचे असेच). तिथल्या मॅनर्स घराण्याने १९८४ साली घरच्या कृतीचे हे शरबत बाटल्यांत भरून विकायला काढले. आज ते दूरदूरच्या देशांत जाते. आम्हाला त्यातली एक पद्धत फार आवडली. हंगामात आसपासच्या गावांतील माणसे, बायका, शाळकरी मुले कुंपणांवरची फुले तोडून पिशव्या भरून आणतात, कारखान्याच्या दारात काट्यावर तोलतात आणि किलोच्या भावाने रोख पैसे घेऊन जातात. रानातल्या फुकटच्या फुलाला भाव आला, गावातल्या हाताला काम आले आणि बाटलीवर छापायला एक खरी गोष्ट मिळाली.

आपल्याकडे असे कोणते फूल आहे? गुलाब, मोगरा, केवडा ही नावे सर्वांना सुचतील. पण गुलाब आपल्याला बाहेरून विकत आणावा लागतो, आणि गुलाबाच्या शरबतात पाचगणीच्या कंपन्यांनी साठ-पासष्ट वर्षांपासून पाय रोवले आहेत. आमच्या मते मराठवाड्याचे एल्डर म्हणजे लाल अंबाडी.

वाचक हसतील. अंबाडी म्हणजे ज्वारीच्या कण्या घालून केलेली आंबट भाजी, अंबाडी म्हणजे दोराचा वाख, तिचे शरबत कसले? पण पाहा. एल्डरसारखीच ती बांधावर आणि कपाशी-तुरीच्या कडेने उभी असते. दिवाळीच्या सुमारास तिला फुले येतात, फुलाच्या पाकळ्या एका दिवसात गळतात आणि मागे बोंडाभोवती जाड, रसाळ, गडद लाल असे दलांचे कवच उरते. आतले बी काढून ही लाल दले सावलीत वाळवली की वर्षभर राहतात. मिसर आणि सुदानमध्ये यालाच करकदे म्हणतात. तिकडच्या लग्नात, तिकडच्या इफ्तारला हाच लाल पेला असतो. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्या आपल्यातील कित्येकांनी तो पिऊन पाहिला असेल आणि वाळलेल्या पाकळ्यांची पुडी मदिनेचा तोहफा म्हणून घरी आणली असेल. ती पुडी ज्या झाडाची, ते झाड फुलंब्री, पैठणच्या रस्त्याने जाताना बांधावर उभे दिसते. आणि आपण तिची भाजी तेवढी खातो, बोंडे गुरांपुढे जातात.

कृती सांगतो, कारण या पानाचे वाचक हाताने काम करणारे आहेत. पन्नास ग्रॅम वाळलेली दले एक लिटर उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवावे, पंधरा मिनिटांनी दुहेरी मलमलीतून गाळावे. भांडे स्टीलचे घ्यावे, तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे नको, कारण अर्क चांगलाच आंबट असतो. या आंबटपणामुळेच वेगळे लिंबूफूल घालावे लागत नाही. टिकाऊ शरबत हवे असेल तर एक लिटर अर्काला पावणेदोन किलोहून थोडी अधिक साखर लागते. हा आकडा अंदाजाचा नाही. शरबताच्या सरकारी मापात विरघळलेल्या घन भागाचे प्रमाण शेकडा ६५ धरले आहे, आणि एवढ्या साखरेत जंतूंना वाढायला मोकळे पाणी उरत नाही, म्हणून ते आंबत नाही. आपले जुने अत्तार हे माप तारेवर ओळखीत. आता शंभर वर्षे जुन्या अंदाजाऐवजी साखर मोजण्याचे छोटे काचेचे उपकरण मिळते, ते घ्यावे. थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आकडा वाचायचा.

एक सावधगिरी. अंबाडीच्या लाल अर्काने रक्तदाब थोडा उतरतो असे अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता रंगाचा विषय. इथे आम्ही जरा अधिकाराने बोलू, कारण रंगाशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे. खरा गुलाब उकळला तर पाणी फिकट, मातकट गुलाबी होते. बाजारातील गुलाब शरबत इतके रक्तासारखे लाल का, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. तो रंग डब्यातून येतो. आपल्या कायद्याने खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली आहे आणि त्यांनाही मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेत राहून कुणी शरबत केले तर त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पुडीतल्या रंगाला. ऱ्होडामाइन-बी नावाचा भडक गुलाबी रंग कापड आणि कागद रंगवण्यासाठी आहे. तो स्वस्त पडतो, चिमूटभर टाकला तरी पिंपभर पाणी रंगते, म्हणून तो खाद्यपदार्थांत शिरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने 'म्हातारीच्या केसां'च्या मिठाईत हाच रंग सापडल्यावर तिच्या विक्रीवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने तीच मिठाई आणि गोबी मंचुरियन यांत कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी आणली. ठाण रंगवायचा रंग पेल्यात जाणे, हे आम्हाला रंगाचे काम जवळून पाहिलेला माणूस म्हणून सहन होत नाही. गोळ्यावर, सबीलीत, लग्नाच्या मांडवात लहान मुलेच ते सर्वांत जास्त पितात.

अंबाडीचा फायदा इथे कळतो. तिचा लाल रंग अंगचाच आहे. मात्र तो कच्चा आहे. उजेडात आणि उष्णतेत तो काही महिन्यांत तपकिरी होत जातो. कापडात आम्ही पक्का रंग मागतो, पेल्यात कच्चाच असलेला बरा. म्हणून धंद्याची रीत अशी ठेवावी: वर्षाचा साठा वाळलेल्या दलांचा करावा, शरबताचा नव्हे. पाक महिन्याला लागेल तेवढाच काढावा, गडद काचेच्या बाटलीत भरावा आणि बाटली दुकानाच्या दर्शनी उन्हात मांडू नये. आपले भाऊ नेमके उलटे करतात. सगळा माल एकदम काढतात, पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत भरतात आणि हातगाडीवर दिवसभर उन्हात ठेवतात.

बर्फाबाबतही दोन शब्द. २०१८ पासून नियम असा आहे की खाण्याचा नसलेला, माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ निळसर रंगवावा, म्हणजे तो ओळखू येईल. निळा बर्फ दिसला तर तो पेल्यात घालू नका, आणि पांढरा दिसला तरी कोणत्या पाण्याचा, हे विचारा. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते हे आम्ही सांगायला नको. साठवलेल्या पाण्यावर शरबताचा धंदा करायचा तर पाणी उकळून गार करणे हा खर्च किमतीत धरावाच लागेल. माठ चांगला, माठात वाळ्याची जुडी त्याहून चांगली. बर्फाशिवाय प्यालेल्या शरबताचा वासही नीट लागतो.

शरबतवाल्यांशी आम्ही यावर बोललो. बुढी लेनच्या बाजूला एक वयस्कर अत्तार आहेत, त्यांच्या हातचे बेलाचे आणि चिंचेचे शरबत आम्ही लहानपणापासून पितो. ते म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईक लालच मागते. फिकट दिले तर म्हणते पाणी घातले." ही अडचण खरी आहे. डोळ्याला सवय लागली आहे. पण इंग्लंडातील ती बाटली बघा, आत जवळजवळ रंगच नाही आणि किंमत आपल्या बाटलीच्या कितीतरी पट. तिथे गिऱ्हाइकाला शिकवले गेले की वास म्हणजे माल. आपल्या मोहल्ल्यातील गिऱ्हाइकाला शिकवायचे असेल तर पहिला पेला फुकट द्यावा लागेल. कापडात आम्ही नमुन्याचा तुकडा देतोच ना?

नावाचाही विचार हवा. इंग्लंडात एका कंपनीने एल्डरच्या फुलांचे बिनदारूचे, बुडबुड्यांचे पेय शॅम्पेनसारख्या बाटलीत भरून 'एल्डरफ्लॉवर शॅम्पेन' नावाने विकले. फ्रान्सचे शॅम्पेनवाले कोर्टात गेले आणि १९९३ साली अपील कोर्टाने ते नाव बंद केले. आपल्याकडे 'दिल अफजा' नावाने शरबत काढणाऱ्याला डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने थांबवले, कारण रूह अफजाच्या शंभर वर्षांच्या कमाईवर ते नाव उभे होते. आपल्या मोहल्ल्यांत अमुक-अफजा आणि तमुक-अफजा अशी लेबले छापून घेणारे काही आहेत. त्यांनी छपाईचा दुसरा गठ्ठा सोडण्याआधी वकिलाला भेटावे. स्वतःचे नाव लावावे, गल्लीचे नाव लावावे, पाणचक्कीचे लावावे. लेबलावर चौदा आकडी अन्न परवान्याचा नंबर, भरल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते खरेखरे असावे. लहान उत्पादकाला साधी नोंदणी असते, तिची फी नाममात्र असते. ती न करता बाटली विकणे म्हणजे इन्स्पेक्टरला घरचा पत्ता देऊन ठेवणे.

साखरेविषयी लपवाछपवी करू नये. जाड हाताने चाळीस मिलिलिटर शरबत ओतले तर पेल्यात तीस ग्रॅमहून अधिक साखर जाते, म्हणजे सोडावाल्या बाटलीच्या जवळपास तेवढीच. शरबत आपले म्हणून ते आरोग्याचे, असा दावा आम्ही करणार नाही. आमच्या वयाच्या गादीवर बसणाऱ्या मंडळींत साखरेची बिमारी नसलेला शोधावा लागतो. फरक इतकाच की बाटलीतील साखर कंपनी ठरवते आणि पेल्यातील आपण. वास चांगला उतरला असेल तर वीस मिलिलिटर पुरते. साखर थेट निम्मी. इंग्रजांच्या एकास दहा या मापात ही सगळी खुबी आहे. मधुमेह असलेल्यांसाठी अंबाडीचा कोरा अर्क, चिमूटभर काळे मीठ आणि पुदिना घालून. तो आम्ही स्वतः घेतो आणि दुपारी चारला तो चहापेक्षा बरा वाटतो.

दुकानदाराचा हिशोब अवघड नाही. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस मिलिलिटरचे पंचवीस पेले होतात. बाटली पावणेदोनशेला पडली तरी पेला सात रुपयांना. सब्जा आणि पाणी धरून आठ. सोडावाली सर्वांत लहान बाटली दहाला, नेहमीची वीसला, आणि तिच्यावर सरकारचा कर ४० टक्के. पेले धुवायला पोरगा लागतो हे मान्य. पण तो पोरगा दुकानात असतोच, आणि दुपारी दोन ते चार त्याला ठाण घड्या करण्याव्यतिरिक्त काम नसते. बस्त्याला आलेली पार्टी शरबत पिताना पंधरा मिनिटे जास्त बसते, हे आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे. पंधरा मिनिटांत एक शालू जास्त उघडला जातो.

शरबतवाल्याला दुकानदाराचा आधार हवा तो याचसाठी. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या पट्ट्यातील वीस कापड दुकानांनी मार्च ते जून आठवड्याला चार-चार बाटल्यांची बांधील मागणी दिली, तर आठवड्याला ऐंशी बाटल्या होतात. एका घराचे काम त्यावर उभे राहते, रमजान कोणत्याही महिन्यात असो. पैसे मात्र रोख द्यावेत. साखरवाला उधार देत नाही आणि अत्तारापाशी आपल्यासारखी नव्वद दिवसांची हुंडी नसते.

अंबाडीची पेरणी पावसाळ्याच्या तोंडाशी होते आणि बोंडे दिवाळीनंतर हाती येतात. पुढच्या उन्हाळ्याचा माल हवा असेल तर बांधावर लाल अंबाडी असलेल्या शेतकऱ्यांशी पोळ्याच्या आधी बोलून किलोचा भाव ठरवावा लागेल, नाहीतर ती बोंडे नेहमीप्रमाणे गुरांपुढे जातील. आम्ही आमच्या ओळखीच्या दोघांशी बोललो आहोत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: बी काढून द्यायचे की बोंडासकट? बी काढायला घरच्या बायका लागतात, तेव्हा त्याचा भाव वेगळा द्यावा लागेल.